सहा तासांचा हिशेब

(बी. कॉम., तृतीय वर्ष)

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने वैद्यकाच्या प्रांतात लुडबूड करू नये, असे काही वाचकांना वाटण्याचा संभव आहे. परंतु आकडे समोर आले की ते पडताळून पाहिल्याशिवाय आम्हांला राहवत नाही. तो आमच्या अभ्यासाचाच दोष म्हणा. असेच दोन आकडे मध्यंतरी माझ्या वाचनात आले आणि त्यांनी मला पुष्कळ दिवस अस्वस्थ केले. तेच आज वाचकांपुढे ठेवतो.

२००८ साली 'लॅन्सेट' या प्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात भारतातील हृदयविकाराच्या रुग्णांची एक मोठी पाहणी प्रसिद्ध झाली. बेंगळुरूच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातील डॉक्टरांचा तिच्यात पुढाकार होता. देशातील ५० शहरांतल्या ८९ रुग्णालयांमधून वीस हजारांहून अधिक रुग्णांची माहिती गोळा करण्यात आली होती. त्रास सुरू झाल्यापासून रुग्ण रुग्णालयाच्या दारात पोचेपर्यंत किती वेळ गेला, याचा मध्यक निघाला ३६० मिनिटे. आणि दारात पोचल्यानंतर रक्ताची गुठळी विरघळविणारे इंजेक्शन मिळेपर्यंत किती वेळ गेला, याचा मध्यक निघाला ५० मिनिटे.

म्हणजे डॉक्टर, परिचारिका, यंत्रे, कागदपत्रे, रांगा या सर्वांनी मिळून खर्च केली ती ५० मिनिटे; आणि घरात, अंगणात, रस्त्यावर व वाहनात खर्च झाले ते सहा तास. आपल्याकडे रुग्ण दगावला की रुग्णालयाला दोष देण्याची रीत आहे. काही वेळा तो दोष खराही असतो. परंतु वरचा जमाखर्च मांडला तर मोठी रक्कम आपल्याच नावे निघते. पाहणी जुनी आहे हे खरे. मधल्या काळात रुग्णालयांच्या बाजूला पुष्कळ सुधारणा झाल्या, त्यांचा उल्लेख पुढे येईलच. आपल्या बाजूला काय सुधारले, हा या लेखाचा प्रश्न आहे.

झटका म्हणजे काय, हे दोन वाक्यांत सांगून टाकतो. हृदय सगळ्या शरीराला रक्त पुरवते, पण त्याच्या स्वतःच्या स्नायूंनाही रक्त लागते आणि ते बारीक धमन्यांतून येते. अशा एखाद्या धमनीत गुठळी अडकली की तिच्यावर अवलंबून असलेला स्नायू मरू लागतो. तो एकदम मरत नाही. मिनिटामिनिटाने मरतो आणि मेलेला भाग पुन्हा पहिल्यासारखा होत नाही. आमच्या हिशेबाच्या पुस्तकांत यंत्राच्या घसाऱ्याचे कोष्टक असते. यंत्र दहा वर्षांत झिजते. येथे तोच घसारा काही तासांत लागतो आणि मालमत्ता मात्र नवी विकत घेता येत नाही. म्हणून पहिला एक तास सोन्याचा मानतात.

मग हे सहा तास जातात कुठे?

माझे गाव पाळी, गोव्यातील डिचोली तालुक्यातले. आमचा भाग खाणींचा. दोन वर्षांपूर्वी मे महिन्याच्या सुटीत मी घरी असताना आमच्या वाड्यावरचे एक गृहस्थ गेले. वय पन्नाशीच्या आतबाहेर. पूर्वी खनिजाच्या ट्रकवर ड्रायव्हर होते. पहाटे चारच्या सुमारास त्यांना अस्वस्थ वाटू लागले. त्यांनी "दुखतं" असे म्हटलेच नाही. "हर्द्यांत चेंपल्यासारकें जाता" असे आमच्या कोंकणीत म्हटले, म्हणजे छातीवर काहीतरी दाबल्यासारखे वाटते. आदल्या रात्री लग्नाचे जेवण झाले होते, तेव्हा घरच्यांनी गॅस धरला. सोडा दिला. छातीला बाम चोळला. मग कोणीतरी ओवा दिला. घामाने बनियन चिंब झाले, तर उकाडा आहे म्हणून पंखा जवळ आणला. उजाडल्यावर डॉक्टरकडे जाऊ असे ठरले, कारण अपरात्री कोणाला उठवायचे हा संकोच. साडेसातला ते स्वतः पायऱ्या उतरून पुतण्याच्या स्कूटरवर मागे बसले आणि हमरस्ता लागण्याच्या आतच कोसळले.

यात कोणाचा आळस नव्हता, कोणाचा निष्काळजीपणा नव्हता. त्या घरात साडेतीन तास सगळेजण जागे होते आणि सगळेजण काही ना काही करीत होते. त्यांच्यापाशी माया होती, माणसे होती, फोनही होता. नव्हती ती एकच गोष्ट: हे काय चालले आहे याची ओळख.

ही ओळख आपल्याला नसते याचे एक कारण, माझ्या मते, आपली नाटके आणि चित्रपट आहेत. आमच्याकडे जत्रेला गावातली मंडळी हौसेने मराठी नाटक करतात. अशा कौटुंबिक नाटकात मुलीचे वा मुलाचे काही भलते ऐकले की वडील छातीवर डावा हात दाबतात, डोळे फिरवतात आणि सोफ्यावर कोसळतात. प्रेक्षक ओळखतात, हार्ट अटॅक! गेली कित्येक वर्षे आपण हेच दृश्य पाहत आलो आहोत. त्यामुळे खरा झटका आला की तो आपल्याला झटका वाटतच नाही, कारण खरा झटका पुष्कळदा आवाज न करता येतो. माणूस बोलत असतो, चालत असतो, कधी थट्टाही करतो. छातीच्या मध्यभागी जडपणा, आवळल्यासारखे वाटणे, ते डाव्या हाताकडे, खांद्याकडे, मानेकडे, जबड्याकडे किंवा पाठीकडे सरकणे, गार घाम, मळमळ, धाप, विनाकारण घाबरे होणे, पोटाच्या वरच्या भागात गच्च वाटणे, अशी ही लक्षणे. स्त्रियांमध्ये व मधुमेह असलेल्यांमध्ये छातीचे दुखणे अगदी कमी किंवा मुळीच नसू शकते. नुसता थकवा, धाप आणि मळमळ एवढेच दिसते. घरातील आईला असे झाले तर "कामाने दमली असेल" यापलीकडे आपला विचार जात नाही.

दुसरे कारण भाषेचे आहे. माहितीपत्रकात "छातीत तीव्र वेदना" असे लिहिलेले असते. आमचा माणूस "चेंपता" म्हणतो, "भरून आलंय" म्हणतो, "वात चढलाय" म्हणतो. माझ्या वसतिगृहातील कन्नड मित्र सांगतात, त्यांच्या घरीही "एदे नोवु" म्हणजे छातीचे दुखणे हा शब्द फार उशिरा उच्चारला जातो. त्याआधी गॅस, पित्त आणि अजीर्ण यांची हजेरी होते. तेव्हा पत्रकातील लक्षण आणि घरातील तक्रार यांची गाठच पडत नाही. या नियतकालिकात मराठी व कन्नड असे दोन्ही विभाग आहेत, म्हणून मुद्दाम सांगतो: ही माहिती प्रत्येक घराच्या स्वतःच्या शब्दांत पोचली पाहिजे, तरच ती पोचली असे म्हणता येईल.

आता दुसऱ्या बाजूचा जमाखर्च पाहू. तेथे चित्र आशादायक आहे, हे मान्य केले पाहिजे. गोव्यात २००८ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका मोफत धावते. २०१८-१९ च्या सुमारास सरकारने 'स्टेमी गोवा' ही योजना सुरू केली. तिची कल्पना सोपी आहे. बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय हे मुख्य केंद्र आणि राज्यभरची लहान सरकारी रुग्णालये व आरोग्य केंद्रे ही उपकेंद्रे. उपकेंद्रात रुग्णाचा ईसीजी काढायचा, तो तिथल्या तिथे तज्ज्ञांकडे पाठवायचा, त्यांनी काही मिनिटांत निदान कळवायचे आणि गुठळी विरघळविणारे महागडे इंजेक्शन उपकेंद्रातच मोफत द्यायचे. पुढील उपचारांसाठी मग रुग्णाला बांबोळीला हलवायचे. कर्नाटकातही २०२३ पासून अशीच योजना आहे. अभिनेते पुनीत राजकुमार २९ ऑक्टोबर २०२१ रोजी अवघ्या ४६ व्या वर्षी हृदयविकाराने गेले. त्यांचेच नाव देऊन 'हृदय ज्योती' या योजनेखाली तालुका पातळीवरील रुग्णालयांत हे इंजेक्शन मोफत उपलब्ध करण्यात आले.

म्हणजे पूर्वी जे उपचार मोठ्या शहरात, मोठ्या खर्चाने मिळत, ते आता तालुक्यापर्यंत आले आहेत. पण ही सगळी यंत्रणा सुरू होते ती कोणीतरी फोन केल्यावर, नाहीतर रुग्ण दारात आल्यावर. त्याआधीच्या काळावर सरकारची सत्ता चालत नाही. तेथे राज्य आपले आहे. आणि आपण काय करतो? शेजाऱ्याची गाडी मागतो, ती निघायला पाऊण तास लावतो आणि जवळचे केंद्र मागे टाकून थेट बांबोळीची वाट धरतो, कारण 'मोठ्या इस्पितळात' नेल्याचे समाधान हवे असते. वाटेत काही झाले तर गाडीत ना प्राणवायू, ना जाणकार माणूस.

येथे एक फरक समजून घ्यायला हवा. हृदयविकाराचा झटका वेगळा आणि हृदय बंद पडणे वेगळे. झटक्यात धमनी तुंबते, पण हृदय चालू असते आणि माणूस सहसा शुद्धीवर असतो. हृदय बंद पडले की रक्त फिरायचे थांबते, माणूस काही सेकंदांत बेशुद्ध होतो आणि त्याचा श्वास थांबतो. झटक्यातून हे होऊ शकते, तसे इतर कारणांनीही होते. पहिल्यात हिशेब तासांचा, दुसऱ्यात मिनिटांचा. हृदय बंद पडल्यावर कोणी काहीच केले नाही, तर वाचण्याची शक्यता दर मिनिटाला सात ते दहा टक्क्यांनी घटते. रुग्णवाहिका कितीही वेगाने आली तरी दहा मिनिटे लागणारच. तोवर शिल्लक काय राहते, हे सांगायला वाणिज्य शाखेचा विद्यार्थी नको.

गोव्याला आणि कर्नाटकाला जोडणारी एक घटना या संदर्भात आठवते. माझ्या पिढीने ती पाहिलेली नाही, पण आमच्याकडचे फुटबॉलवेडे लोक अजून सांगतात. ५ डिसेंबर २००४ रोजी बेंगळुरूच्या कंठीरवा मैदानावर फेडरेशन चषकाचा अंतिम सामना धेंपो आणि मोहन बागान यांच्यात चालू होता. धेंपोचा पंचवीस वर्षांचा ब्राझिलियन खेळाडू क्रिस्तियानो ज्युनियर याने दोन गोल केले. दुसरा गोल करताना गोलरक्षकाशी त्याची टक्कर झाली, तो कोसळला आणि पुन्हा उठलाच नाही. शवचिकित्सेत हृदय बंद पडल्याचे निष्पन्न झाले. मैदानावर तातडीच्या वैद्यकीय मदतीची पुरेशी सोय नव्हती, अशी कडक टीका तेव्हा झाली. सहकारी धावले, त्यांनी आपल्या परीने प्रयत्न केले, हजारो प्रेक्षक उभे राहून पाहत होते. धेंपोने चषक जिंकला आणि त्याचा १० क्रमांकाचा सदरा कायमचा निवृत्त केला.

आता याच्याशेजारी दुसरे चित्र ठेवा. १२ जून २०२१, डेन्मार्कमधील कोपनहेगन. युरोपीय चषकाच्या सामन्यात डेन्मार्कचा ख्रिस्तियन एरिक्सन असाच मैदानात कोसळला. कप्तान सिमोन कियर धावला आणि त्याने एरिक्सनला नीट निजवून श्वासाचा मार्ग मोकळा राहील हे पाहिले. डॉक्टर पोचले, छाती दाबण्याची क्रिया सुरू झाली, विजेचा धक्का देणारे यंत्र आले. खेळाडूंनी सभोवार कडे केले. एरिक्सन मैदानातून बाहेर नेला जात असतानाच शुद्धीवर होता आणि पुढच्या वर्षी पुन्हा फुटबॉल खेळू लागला.

दोघांचे आजार तंतोतंत सारखे होते असे मी म्हणत नाही. बेंगळुरूचा तो तरुण वाचलाच असता असे म्हणण्याचा अधिकारही मला नाही. मुद्दा तयारीचा आहे, आणि डेन्मार्कची तयारी केवळ मैदानापुरती नव्हती. त्या देशाने २००५ साली शाळांमधून छाती दाबण्याचे शिक्षण सक्तीचे केले आणि २००६ पासून वाहनाचा परवाना हवा असणाऱ्यास प्रथमोपचाराचा वर्ग पुरा करण्याची अट घातली. परिणाम आकड्यांत पाहा. रुग्णालयाबाहेर हृदय बंद पडलेल्या माणसाला आसपासच्या सामान्य लोकांनी मदत करण्याचे प्रमाण २००१ मध्ये सुमारे २१ टक्के होते, ते २०१० मध्ये सुमारे ४५ टक्के झाले. आणि तीस दिवसांनंतर जिवंत असणाऱ्यांचे प्रमाण साडेतीन टक्क्यांवरून जवळजवळ अकरा टक्क्यांवर गेले. त्या वाढीचे सगळे श्रेय एका गोष्टीला देता येणार नाही, पण शिकलेल्या सामान्य माणसाचा त्यात वाटा आहे.

"आपण काय डॉक्टर आहोत?" हा आपल्याकडचा नेहमीचा आक्षेप. "अर्धवट ज्ञान घातक" असे आमचे काही प्राध्यापकही म्हणतात आणि एरवी ते खरेच आहे. पण या विद्येचा इतिहास गमतीचा आहे. बंद छातीवर बाहेरून दाब देऊन रक्त फिरते ठेवता येते, हे अमेरिकेत बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स संस्थेत सिद्ध झाले आणि १९६० साली जगापुढे आले. त्या तिघांपैकी एक जेम्स ज्यूड हे शल्यविशारद होते. प्रमुख विल्यम कौवेनहोवन हे विजेचे इंजिनिअर होते आणि तिसरा गाय निकरबॉकर हा त्यांचा विद्यार्थी होता. प्रयोगात यंत्राच्या पट्ट्या छातीवर जोराने दाबल्या की रक्तदाब वर चढतो, हे प्रथम लक्षात आले ते या विद्यार्थ्याच्या! आणि ही क्रिया शिकविण्यासाठी ज्या बाहुलीवर सराव करतात, ती नॉर्वेतील ओसमुंड लेर्डाल या खेळणी तयार करणाऱ्या कारखानदाराने बनविली. इंजिनिअर, विद्यार्थी आणि खेळणीवाला यांनी जी विद्या आपल्या हाती दिली, ती घ्यायला आपण मात्र डॉक्टरीची पदवी मागतो.

"आपण दाबायला गेलो आणि माणूस गेला तर?" हा दुसरा आक्षेप. ज्याचा श्वास थांबला आहे आणि ज्याचे हृदय थांबले आहे, त्याचे याहून वाईट काय व्हायचे आहे? दाबताना कधी बरगडी मोडते; मोडलेली बरगडी सांधता येते. आणि चांगल्या हेतूने, दुसऱ्याच्या भल्यासाठी केलेल्या अशा मदतीला आपला कायदाही संरक्षण देतो.

२०२५ च्या डिसेंबरात गोव्याहून दिल्लीला जाणाऱ्या विमानात एक अमेरिकन महिला अत्यवस्थ झाली, तेव्हा खानापूरच्या माजी आमदार डॉ. अंजली निंबाळकर यांनी ही क्रिया करून तिचे प्राण वाचविल्याची बातमी आपण सर्वांनी अभिमानाने वाचली. त्या डॉक्टर होत्या, हे त्या प्रवासी महिलेचे भाग्य. परंतु मी बेळगावहून चोर्ला घाटाने सांखळीला उतरणाऱ्या बसने नेहमी जातो. त्या घाटात कित्येक वळणांवर फोनही लागत नाही. त्या बसमध्ये डॉक्टर असेलच असे नाही. मात्र आठ-दहा कॉलेजचे विद्यार्थी हमखास असतात.

अज्ञानापेक्षाही एक वाईट गोष्ट आहे, ती म्हणजे खोटी माहिती. "एकटे असताना झटका आला तर जोरजोराने खोकत राहा, हृदय चालू राहील" हा संदेश गेली कित्येक वर्षे घरोघरी फोनवर फिरतो आहे. हृदयरोगतज्ज्ञांच्या संस्थांनी तो निराधार असल्याचे वारंवार सांगितले आहे. खोकण्यात जो वेळ जाईल तो १०८ ला फोन करण्याचा वेळ आहे. तसेच शेजाऱ्याची जिभेखाली ठेवायची गोळी. ती ज्याला डॉक्टरांनी लिहून दिली आहे त्याच्यासाठीच. रक्तदाब आधीच उतरलेला असला तर ती दुसऱ्याला घातक ठरू शकते. २०२५ च्या मे-जूनमध्ये हासन जिल्ह्यातील हृदयविकाराच्या मृत्यूंच्या बातम्या आल्या, तेव्हा म्हैसूर व बेंगळुरूच्या रुग्णालयांपुढे तपासणीसाठी पहाटेपासून रांगा लागल्या. ती भीती समजण्यासारखी आहे. पण भीती म्हणजे माहिती नव्हे. त्या रांगेतल्या एखाद्याला तेथेच झटका आला असता, तर शेजारी उभ्या असलेल्याने नेमके काय करायचे, हे कितीजणांना ठाऊक होते?

तेव्हा करायचे काय, ते येथे सरळ लिहितो.

छातीत जडपणा, घाम, धाप यांपैकी काही पाच-दहा मिनिटांत ओसरले नाही, तर गॅस आहे की झटका हा वाद घालू नये. तो वाद ईसीजी मिटवील. लगेच १०८ ला फोन करावा. गावाचे नाव सांगताना तालुकाही सांगावा. आमचे पाळी डिचोलीत आणि तिसवाडीत दुसरे पाळे आहे, अशा घोटाळ्यात अमूल्य मिनिटे जातात. वाडा, देऊळ, दुकान अशी खूण सांगावी आणि एका माणसाला बॅटरी घेऊन हमरस्त्यावर उभे करावे. रुग्णाला चालवू नये, जिना चढू-उतरू देऊ नये, स्कूटरवर तर मुळीच बसवू नये. पाठीला आधार देऊन, गुडघे वाकवून, अर्धवट बसते करावे. कपडे सैल करावेत. त्रास किती वाजता सुरू झाला ते कागदावर लिहून ठेवावे, कारण इंजेक्शनचा निर्णय त्यावर अवलंबून असतो.

रुग्ण शुद्धीवर असेल, त्याला ॲस्पिरिनचे वावडे नसेल, पोटात व्रण किंवा कोठे रक्तस्राव नसेल, तोंड वाकडे होणे किंवा एका बाजूची शक्ती जाणे अशी पक्षाघाताची लक्षणे नसतील, तर १०८ वर किंवा डॉक्टरांना फोनवर विचारून सुमारे ३०० मिलिग्रॅमची ॲस्पिरिनची गोळी चघळायला द्यावी. ही क्षुल्लक वाटणारी गोळी काय करते, हे १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रचंड चाचणीत दिसून आले. सतरा हजारांहून अधिक रुग्णांवरील त्या चाचणीत एकट्या ॲस्पिरिनने मृत्यू पंचमांशाहून अधिक घटले. मात्र तापावरची पॅरासिटामॉल म्हणजे ॲस्पिरिन नव्हे. घाईत हाताला लागेल ती पांढरी गोळी देऊ नये.

माणूस बेशुद्ध झाला, हाक मारून व खांदे हलवून उत्तर देत नाही आणि नीट श्वास घेत नाही, तर हृदय बंद पडले असे समजावे. मधूनमधून आचके दिल्यासारखा घेतलेला श्वास हा श्वास नव्हे. त्याला खाटेवरून खाली कडक जमिनीवर उताणे ठेवावे. छातीच्या बरोबर मध्यभागी तळहाताचा मनगटाकडचा भाग, त्यावर दुसरा हात, कोपरे ताठ. पाच ते सहा सेंटिमीटर खोल दाबावे आणि दर वेळी छाती पूर्ण वर येऊ द्यावी. वेग मिनिटाला १०० ते १२०, म्हणजे सेकंदाला जवळजवळ दोन. दोन मिनिटांत दाबणारा थकतो, तेव्हा माणूस बदलावा, पण दाबणे थांबवू नये. तोंडाने श्वास देण्याचे शिकलेले नसेल तर नुसते दाबत राहिले तरी चालते. विजेचा धक्का देणारे यंत्र जवळ मिळाले तर ते आणावे. ते स्वतःच काय करायचे ते बोलून सांगते.

हे सगळे वाचून येत नाही, हे मी जाणतो. पोहण्याचे पुस्तक वाचून कोणी नदी पार केलेली नाही. हाताला सराव हवा. आणि येथेच माझी मुख्य सूचना आहे.

आमच्या गावातील जुनी माणसे प्रथमोपचारात अगदीच अडाणी नाहीत. खाणी जोरात चालू होत्या त्या काळात कायद्यामुळे खाणीवर प्रथमोपचार शिकलेली माणसे ठेवावीच लागत. त्यामुळे मोडलेल्या हाडाला फळी कशी बांधावी, जखमेला पट्टी कशी आवळावी, जखमीला डोलीवर कसे घ्यावे, हे सांगणारे वृद्ध आजही पाळीत भेटतात. २०१२ साली खाणी बंद पडल्या, पण ती विद्या त्यांच्या हातातून गेली नाही. यावरून मी दोन गोष्टी शिकलो. सामान्य, कमी शिकलेला माणूसही अशी विद्या उत्तम रीतीने आत्मसात करू शकतो. आणि ती त्याने आपणहून केली नाही, कोणीतरी अट घातली म्हणून केली.

तशी अट महाविद्यालयाने घालावी. पदवीच्या तीन वर्षांत प्रत्येक विद्यार्थ्याने दोन तासांचा हा वर्ग बाहुलीवर सराव करून पुरा केल्याशिवाय त्याला शेवटच्या वर्षाचे प्रवेशपत्र देऊ नये. स्नेहसंमेलनाच्या मांडवावर व ध्वनिक्षेपकावर आपण जो खर्च करतो, त्यातील थोडा भाग एका वर्षी वळवला तर सरावाची बाहुली घेता येईल आणि ती पुढे कित्येक वर्षे पुरेल. बेळगावात वैद्यकीय महाविद्यालये आहेत. तेथील विद्यार्थ्यांना आपण बोलावले तर ते येणार नाहीत असे मला वाटत नाही. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण दरवर्षी खेड्यात जाऊन रस्ता झाडतो. त्याऐवजी एका संध्याकाळी देवळाच्या मंडपात ही क्रिया करून दाखवावी, मराठी गावात मराठीत आणि कन्नड गावात कन्नडमध्ये. आमच्याकडच्या जत्रेच्या नाटकाला तर सगळा गाव जमतो. पडदा वर जाण्यापूर्वीची दहा मिनिटे नाट्यमंडळाने यासाठी द्यावीत. ज्या रंगमंचाने झटक्याचे खोटे रूप आपल्या मनावर ठसवले, त्याच रंगमंचाने खरे रूपही दाखवावे. आणि वाहनाच्या परवान्याला डेन्मार्कप्रमाणे ही अट जोडण्याचा विचार सरकारने करावा, अशी मागणी विद्यार्थी संघटनांनी लावून धरावी. अठरा पुरी झाली की परवान्यासाठी रांग लावणारे आपणच असतो. ती रांग निदान एका चांगल्या कामी येईल.

भारतीयांना हृदयविकार पाश्चात्त्यांपेक्षा सुमारे पाच वर्षे लवकर गाठतो, असे जागतिक पाहण्यांत दिसले आहे. आज वर्गात बसलेल्या आपल्यापैकी बहुतेकांचे आईवडील नेमके त्या वयात आहेत. हृदयविकाराच्या संशोधनात आपण भर घालू शकणार नाही, इस्पितळे बांधू शकणार नाही. पण घरातील त्या ३६० मिनिटांपैकी तीनशे मिनिटे कापून टाकणे हे आपल्या हातचे काम आहे, आणि त्याला दोन तासांचे शिक्षण व एक फोन याहून अधिक भांडवल लागत नाही. प्राचार्यांनी व प्राध्यापकांनी येत्या सत्रात असा एक वर्ग भरवून पाहावा. नोंदणीच्या यादीत पहिले नाव माझे धरावे. दुसरे कोणाचे असेल, ते वाचकांनी ठरवावे.